दुर्मिळ असूनही स्वस्त

'जुनं नाणं विका, लखपती व्हा' असले व्हिडिओ तुम्हालाही येत असतील. पण शिवराई बघा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', आणि साधा नग आजही काहीशे रुपयांत मिळतो. १६७४च्या राज्याभिषेकापाठोपाठ आलेलं हे तांब्याचं नाणं पेशवाईतही महाराजांच्याच नावाने ठिकठिकाणच्या टांकसाळींत पाडलं जात होतं. म्हणजे नाणी मुबलक. इथवर हिशेब सोपा आहे.

मला गंमत वाटते ती दुर्मिळ शिवराईची. ठसा कोरणाऱ्याने कुठे 'शिव'चं 'सिव' केलं, कुठे 'पति'चं 'पती'. (आमच्या भाषेत, व्हर्जन बदललं!) यातले काही प्रकार क्वचितच दिसतात, तरी भाव फारसा चढत नाही. तो फरक ओळखून पैसे मोजणारे मूठभरच. महाराजांचा सोन्याचा होनही दुर्मिळ, पण तो शिवराईची वेलांटी न वाचणाऱ्यालाही हवा असतो.

स्वस्त म्हणून शिवराई ढिगाने विकली जाते, आणि ती कुठल्या गावात, कुठल्या शेतात सापडली ही माहिती ढिगातच हरवते. कुठला ठसा कुठल्या टांकसाळीचा, हे शोधायला नेमकी तीच लागते.