क्रिम्पिंग (मोटारीच्या वायरिंगमधील)

क्रिम्पिंग : तारेच्या सोललेल्या टोकावर धातूचे टर्मिनल दाबून बसवण्याची, उष्णता न वापरता विद्युत जोड करण्याची पद्धत. मोटारीच्या हार्नेसमधील (तारांच्या जुडग्यातील) बहुतेक पिना कारखान्यात अशाच बसवलेल्या असतात. गॅरेजात लग-टर्मिनलला सर्रास ‘थिंबल’ म्हणतात.

या जोडाचे सगळे मर्म दाबात आहे. नेमका दाब मिळाला की तांब्याच्या बारीक तारा एकमेकींत चेपल्या जातात, त्यांच्यावरचा ऑक्साइडचा थर फुटतो आणि उघडा धातू धातूला भिडतो. मध्ये हवेला वाट उरत नाही, म्हणून आत गंज धरत नाही. दाब कमी पडला तर फटी राहतात, जास्त झाला तर ताराच कापल्या जातात. १२ व्होल्टवरचा ५५ वॅटचा हेडलाइट सुमारे ४.६ अँपिअर प्रवाह घेतो. सैल जोडात ०.१ ओहम रोध वाढला, तरी तेवढ्याशा जागी सुमारे २ वॅट उष्णता निर्माण होऊ लागते. कपलरचे प्लास्टिक काळवंडते ते अशाने.

हार्नेसमधील उघड्या टर्मिनलला पाकळ्यांच्या दोन जोड्या असतात. पुढची उघड्या तारेवर बसते, मागची आवरणावर. मागची जोडी वीज वाहत नाही, पण इंजिनाच्या कंपनांचा ताण तीच सोसते. ती नीट न दाबणे ही दुरुस्तीतील महागात पडणारी चूक होय. साध्या पकडीने पाकळ्या नुसत्या चपट्या होतात. योग्य साच्याच्या रॅचेट क्रिम्परने त्या आत वळून तारांत रुततात, आणि दाब पूर्ण झाल्याशिवाय रॅचेट सुटत नाही.

आवरण असलेल्या तयार थिंबलांचा रंग तारेची जाडी सांगतो : लाल ०.५ ते १.५, निळा १.५ ते २.५, पिवळा ४ ते ६ चौ. मिमी.

तारेला आधी सोल्डर लावून मग क्रिम्प करू नये. सोल्डर मऊ असल्याने दाबाखाली हळूहळू सरकते आणि जोड ढिला पडतो. क्रिम्पनंतर लावलेले सोल्डरही तारेत वर चढून तिला ताठर करते. मग कंपनाने तार त्या ताठर भागाच्या कडेला तुटते. चाकांजवळच्या, पाणी उडणाऱ्या जागी जोडावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह चढवतात. त्याआधी तार हाताने ओढून पाहावी. ती निसटली, तर टर्मिनल टाकून नवे घ्यावे. तेच पुन्हा दाबू नये.