हातट्रिमर आणि कारागिराचे कौशल्य

यंत्रयुगाचा इतिहास लिहिताना वाफेवर व विजेवर चालणाऱ्या यंत्रांकडे जितके लक्ष दिले जाते, तितके हाताने चालणाऱ्या यंत्रांकडे दिले जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत प्रचारात आलेला लाकूडकामाचा हातट्रिमर हे अशा उपेक्षित यंत्राचे एक उदाहरण होय. यंत्र आले की कारागिराचे कौशल्य लोपते, असे सामान्यतः मानले जाते. हातट्रिमरचा इतिहास पाहता या मतास मुरड घालावी लागते.

मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स हे शहर त्या काळी लाकडी सामानासाठी प्रसिद्ध होते. तेथे जोसेफ ऑलिव्हर यांनी १८९० साली जो कारखाना काढला, त्याचे आरंभीचे उत्पादन हातट्रिमर हेच होते. हा कारखाना पुढे ऑलिव्हर मशिनरी कंपनी या नावाने ओळखला गेला. त्याच शहरातील फॉक्स कंपनीही ट्रिमर तयार करीत असे. या यंत्राचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करणारे कारागीर. कारखान्यांत या नमुन्यांना ‘पॅटर्न’ म्हणतात. नमुना वाळूत दाबून साचा करावयाचा व त्यात वितळलेला धातू ओतावयाचा, अशी ती पद्धती. ओतीव लोखंड थंड होताना फुटामागे सुमारे १/८ इंच आकसते. तेवढी वाढही नमुन्यातच धरावी लागे.

चाकासारखा गोल नमुना एका फळीतून कापल्यास तो वाकतो आणि जेथे तंतू आखूड पडतात तेथे तुटतो. यास्तव तो अनेक तुकडे जोडून करीत. आठ तुकड्यांचे कडे घेतले, तर त्यास सोळा टोके येतात व प्रत्येक टोक २२.५ अंशांत छाटावे लागते. प्रत्येक टोकाशी केवळ पाव अंशाची चूक एकाच बाजूस झाली, तरी एकूण चूक ४ अंशांची होते आणि शेवटचा सांधा मिळत नाही. करवतीने कापलेले टोक खडबडीत राहते. ते रंध्याने साफ करण्यास वेळ लागे, आणि कोन राखणे हातावर अवलंबून असे.

ट्रिमरने हेच काम लोखंडाकडे सोपविले. बिडाच्या बैठकीवर कोनाप्रमाणे फिरणाऱ्या दोन टेकणपट्ट्या असतात. ४५ व ९० अंशांच्या खुणांवर त्या पक्क्या बसविता येतात. दांडा ओढला की तिरपी बसविलेली धारदार पाती आडवी सरकतात आणि टोकाचा पातळ पापुद्रा काढतात. पाते तिरपे असल्यामुळे तंतू चिरडत नाहीत, चिरले जातात. डावीउजवीकडे दोन पाती असल्याने नक्षीची पट्टी उलटी न करताच चौकटीच्या दोन्ही बाजूंचे कोन छाटता येतात.

तथापि, हे यंत्र कापण्याचे नव्हे, छाटण्याचे आहे. तुकडा आधी करवतीने किंचित मोठा कापून घ्यावा लागतो. एकदम जाड थर काढू गेल्यास लाकूड टेकणावरून सरकते व कोन बिघडतो. पाते बोथट असेल तर कडा फाटते. म्हणजे कोन मोजण्याचे कौशल्य टेकणपट्टीत गेले खरे, परंतु धार लावणे, तंतूंची दिशा ओळखणे व थराची जाडी हाताने जाणणे ही कामे कारागिराकडेच राहिली. ‘ट्रिम’ या इंग्रजी शब्दाचा संबंध ‘दृढ करणे, सिद्ध करणे’ या अर्थाच्या प्राचीन इंग्रजी क्रियापदाशी जोडला जातो. छाटण्याचा अर्थ नंतरचा. येथे दोन्ही अर्थ लागू पडतात, कारण टोक नीट छाटले तरच सांधा दृढ होतो.

नमुनाकारांनी १८८७ साली स्थापन केलेली स्वतंत्र संघटना १९९१ मध्ये यंत्रकामगारांच्या मोठ्या संघटनेत विलीन झाली. नमुन्याचे बरेचसे काम आज संगणकनियंत्रित यंत्रे करतात. व्हर्मांट राज्यातील विंडसर येथे ‘लायन’ या नावाने निघालेले व त्यासारखे ट्रिमर मात्र चित्रांच्या चौकटी करणाऱ्यांच्या हाती अद्याप दिसतात. नमुनाकाराचा व्यवसाय आटला तो हातट्रिमरमुळे नव्हे. या यंत्राने कारागिरास दूर सारले नाही. त्याच्या कौशल्याचा एक भाग स्वतःकडे घेऊन उरलेल्या भागाची गरज अधिकच तीव्र केली, असे म्हणणे सयुक्तिक ठरेल.