बंद लिपीची किल्ली

पुणे-नाशिक रस्त्याने मोशी मागे टाकून चाकणच्या वाटेला लागले की कुरुळी येते. कारखान्यांत कामाला आलेली दूरदूरची माणसे येथे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. त्यांत आमच्या धर्मग्रामातली काही कुटुंबेही आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या भेटीला गेलो असता आम्ही एका टपरीवर वडापाव घेतला. तो ज्या कागदात बांधून मिळाला, ती कोणा तरुणाच्या नोकरीच्या अर्जाची झेरॉक्स प्रत होती. नाव, आईचे नाव, जन्मतारीख, गावचा पत्ता आणि ‘आधार’चे बाराही अंक तेलाच्या डागांतून स्वच्छ वाचता येत होते.

तो कागद हाती असताना आम्हांला आठवण झाली ती महानुभावांच्या पोथ्यांची.

तेराव्या शतकात श्रीचक्रधरांभोवती जमलेल्या या मंडळींनी मराठीवर केवढे उपकार केले, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगायला नको. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ. महदंबा ही मराठीची आद्य कवयित्री. संस्कृतात लिहिण्याची विद्वत्ता असूनही, सामान्य बायाबापड्या ज्ञानाला मुकतील म्हणून त्यांनी मराठीच धरून ठेवली. आणि याच पंथाने पुढे, चौदाव्या शतकापासून, आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत कोंडले! सकळ, सुंदरी, वज्र, अंक, शून्य अशी त्या लिप्यांची नावे. त्यांतील सकळ लिपीचे श्रेय परंपरा रवळोबासांना देते. ग्रंथ अनधिकारी हाती पडू नयेत, त्यांचा पाठ बिघडू नये, ही त्यामागची काळजी होती.

अशा लिपीचे मर्म एवढेच की नेहमीच्या अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर वा चिन्ह लिहायचे. किल्ली ठाऊक असणारा सरसर वाचतो, इतरांना तो अक्षरांचा गोंधळ वाटतो. परंतु या कुलपात एक उणीव आहे. चिन्ह बदलले तरी भाषेची चाल बदलत नाही. मराठीत काही अक्षरे पुन्हापुन्हा येतात, काही क्वचित. वाक्याच्या शेवटी ठरावीक क्रियापदे येतात. ग्रंथारंभी देवाचे नाव येते. कोणते चिन्ह किती वेळा आले हे मोजीत बसणारा चिकाटीचा माणूस केव्हातरी आत शिरतोच. बगदादच्या अल-किंदीने ही मोजणीची रीत नवव्या शतकातच लिहून ठेवली होती. महानुभावांचे कुलूप मात्र पाच शतकांहून अधिक काळ टिकले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली, आणि पुढे वि. ल. भावे, य. खु. देशपांडे यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे हे वाङ्मय महाराष्ट्रापुढे आले.

या गुप्ततेची किंमत पंथाने भरपूर मोजली. ज्याचे ग्रंथ वाचता येत नाहीत त्याच्याविषयी लोक वाटेल ते बोलतात. दडवतात त्या अर्थी काहीतरी काळेबेरे असणारच, हा तर्क समाजाला फार सोपा वाटतो. ‘मानभावी’ हा शब्द आपण ढोंगी या अर्थी आजही बेधडक वापरतो. तो ‘महानुभाव’ या शब्दावरूनच आला आहे. एका सात्त्विक पंथाची बदनामी भाषेच्या पोटात अशी जिरून बसली. संख्येने थोडे असलेल्या आपल्यासारख्या समाजाने हा शब्द उच्चारताना तरी क्षणभर थांबावे, असे आम्हांस वाटते.

आपला ‘ख्रिस्तपुराण’ ग्रंथही एका अर्थी असाच कुलपात होता, पण कोणी मुद्दाम घातलेल्या नव्हे. फादर स्टीफन्स यांचे हे मराठी काव्य १६१६ साली गोव्यात रोमन अक्षरांत छापले गेले, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. ज्याला मराठी येई त्याला बहुधा रोमन अक्षरे येत नसत. संपूर्ण ग्रंथ देवनागरीत छापून पुण्यात प्रसिद्ध झाला तो थेट १९५६ साली, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने.

आता दुसऱ्याचे पत्र फोडण्याची गोष्ट. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. दक्षिणेत कोणालाच काही कळले नव्हते. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले असता वाटेत सावकारांचा एक जासूद भेटला. पानिपताहून नऊ दिवसांत औरंगाबाद गाठायचे अशी त्याची बोली होती. पत्र पेढीचे, पेशव्यांच्या नावचे नव्हे. तरी त्यांनी ते उघडले. आत हिशेबाची भाषा होती: दोन मोती विरघळले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि तांबे किती गेले याची मोजदाद नाही. दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, हे ओळखायला पेशव्यांना किल्ली लागली नाही. ते सावरले नाहीत. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात पर्वतीवर त्यांचे निधन झाले. सावकारांनी मजकूर झाकला तो बाजारासाठी, आणि पहिला वाचला तो मुलाच्या बापाने.

तेव्हा पत्र फोडायला निदान जासूद अडवावा लागे. आज माणूस स्वतःच आपली किल्ली दारोदार वाटत फिरतो. पहिला ‘आधार’ क्रमांक दिला गेला तो आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदाही संसदेने केला. पहिले आठ अंक झाकलेली ‘आधार’ची प्रतही मिळते. कुरुळीच्या खोल्यांतून आम्ही याविषयी विचारले, तेव्हा एका गृहिणीने सरळ सांगितले, “फादर, ठेकेदार मागेल ते द्यायचं. नाही म्हटलं तर तो दुसऱ्याला बोलावतो.” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आम्हां धर्मगुरूंना गुपित सांभाळण्याची शिस्त फार जुनी आहे. पापनिवेदनाची गोष्ट फोडणाऱ्या धर्मगुरूला १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने कडक शासन सांगितले आहे. पण स्नानसंस्काराची नोंदवही? तीत जन्म, आईबाप, पत्ता सारेच असते. लग्नाच्या चौकशीसाठी कोणी फोनवर मुलीची जन्मतारीख विचारली तर पूर्वी आम्ही वही काढून सांगत असू. आता सांगत नाही, आणि विचारणारे रागावतात.

तो तेलकट कागद आम्ही घडी करून खिशात घातला व घरी येऊन जाळला. टपरीवर तसल्याच कागदांचा गठ्ठा खिळ्याला अडकवलेला होता. तो आम्ही मागितला तेव्हा टपरीवाला हसून म्हणाला, “घ्या की, रद्दीवाल्याकडं पोतंभर आहेत.”