एका घोड्यामागे चाळीस पायी

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’ लिहिली. तिच्यात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात चांद्याच्या गोंड राजाबद्दल काही ओळी आहेत. या राजाकडे १,००० घोडेस्वार आणि ४०,००० पायदळ आहे. त्याने नुकतंच दुसऱ्या एका सरदाराकडून वैरागड घेतलं आहे. तिथे हिऱ्याची खाण आहे, नक्षीचं कापड विणलं जातं आणि आसपास रानटी हत्ती पुष्कळ आहेत.

मला यातल्या हिऱ्यांपेक्षा फौजेचा आकडा जास्त बोलका वाटतो. एका घोड्यामागे चाळीस माणसं पायी. झाडीपट्टीचा इतिहास मुळात चालणाऱ्यांचा आहे.

वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरीपासून साधारण पंधरा किलोमीटरवर आहे. महाराष्ट्रात ‘ट्रेक’ म्हटलं की डोळ्यांपुढे सह्याद्री येतो: कडा, खडी चढण, माथ्यावरचा फोटो. या चित्रात वैरागड बसत नाही, कारण तो भुईकोट आहे. सपाटीवर उभा, भोवती खंदक, दगडी दरवाजे आणि आत माजलेली झाडी. जवळच खोब्रागडी आणि सातनाला या नद्यांचा संगम आहे. किल्ल्याशिवाय गावात भंडारेश्वराचं जुनं देऊळ आहे, महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते. गुडघे दुखणारी आजी, पहिल्यांदा घराबाहेर पडलेलं पोर आणि धापा टाकणारा शहरी पाहुणा, तिघांनाही एका दिवसात हे सगळं पाहता येतं. हिऱ्यांच्या खाणी मात्र इंग्रज येईपर्यंत बंद पडल्या होत्या.

याहून सोपी चाल हवी असेल तर तलावाची पाळ धरा. या भागातल्या तलावांना लोक ‘मामा तलाव’ म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजारी ही इंग्रजी अमलातली पद्धत, पण यातले बरेच तलाव तिच्याआधीचे. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्यावर भिजेल तेवढी जमीन मिळे, असं सांगतात. कोहळी समाजाचं हे खास कसब. त्या पाळीवरून चालताना एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या दिसतात. चढ नाही, उतार नाही. पण पायाखाली काही शतकांचं सिंचनशास्त्र असतं.

अबुल फजलने सांगितलेलं कापडही अगदीच हरवलेलं नाही. आरमोरी आजही कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कामासाठी ओळखली जाते. टसरच्या अळ्या घरात नाही, तर रानातल्या येनाच्या झाडांवर वाढतात. ढिवर समाजातली कुटुंबं त्या झाडांवर अळ्या सोडतात आणि कोश तयार होईपर्यंत पाखरांपासून त्यांची राखण करतात. त्यासाठी रोज रानात पायी जावं लागतं.

इथे ‘चालायला जाणं’ या शब्दांचा अर्थ बदलतो. उन्हाळ्याच्या तोंडावर बाया पहाटेच मोहफुलं वेचायला निघतात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला, पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणायला. कितीतरी पायवाटा त्यांच्याच पावलांनी पडल्या आहेत. कायद्याला मात्र त्या दिसल्या नाहीत. १८५४मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि चांदाही त्यांच्याकडे गेलं. पुढे १८७८ आणि १९२७च्या वन कायद्यांनी राखीव जंगलात विनापरवाना शिरणं हाच गुन्हा ठरवला. आजी ज्या वाटेने गेली त्याच वाटेवर नात घुसखोर ठरली.

ही गोष्ट उलटी फिरायला २००६चा वनहक्क कायदा यावा लागला. २००९मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. म्हणून या मुलखातल्या अनेक जंगलांना आता ग्रामसभेच्या रूपाने घरमालक आहे. तिथे न विचारता शिरणं म्हणजे कुणाच्या तरी अंगणात शिरणं.

आणि हत्ती? ऑक्टोबर २०२१मध्ये ओडिशातून निघालेला वीसेक हत्तींचा कळप छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत आला आणि इथेच रमला. अबुल फजलची ओळ चार शतकांनी पुन्हा खरी झाली. बातमी म्हणून ती सुंदर आहे, पण ज्याची उभी बांधी एका रात्रीत तुडवली गेली त्याला विचारा. वाघांचंही तसंच. तेरा माणसांचा बळी घेतलेला ‘सीटी-१’ हा वाघ ऑक्टोबर २०२२मध्ये शेजारच्या वडसा भागात जेरबंद झाला. असा वाघ फिरत असताना पर्यटक आपला बेत पुढे ढकलतो. मोहफुलाचा हंगाम कुणासाठी पुढे ढकलला जात नाही.

भटकंतीच्या पुस्तकांत वाटांची प्रतवारी उंचीवर होते: सोपी, मध्यम, अवघड. आरमोरीच्या आसपास हा हिशेब चालत नाही. वैरागडची तटबंदी सोपी, तलावाची पाळ त्याहून सोपी. पण अगदी सपाट, अर्ध्या तासाची रानवाटही भल्या पहाटे एकट्या बाईसाठी इथली सर्वांत अवघड वाट असू शकते. अवघडपण तिथे कोण चालतंय, किती वाजता आणि कशासाठी, यावर ठरतं.

तेव्हा या बाजूला आलात तर उजेडात चाला. वनखात्याने बंद केलेल्या भागात जाऊ नका. गावात थांबून ‘सध्या कुठे आहेत?’ एवढं विचारा. हत्ती की वाघ, हे वेगळं सांगावं लागत नाही. चहाच्या टपरीवरचा माणूस बोटाने दिशा दाखवेल, आणि त्या दिवशीचा नकाशा तोच.