फॉन्टच्या नावावर टिकलेली मराठी

१९९० च्या दशकात ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील डीटीपी केंद्रांत, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी करून देणाऱ्या दुकानांत, लग्नपत्रिका, दिवाळी अंक आणि गृहनिर्माण संस्थांचे अहवाल श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींच्या फॉन्टमध्ये तयार होऊ लागले. आठ बिटांच्या त्या फॉन्टमध्ये चिन्हांना जास्तीत जास्त २५६ जागा असत. इंग्रजी अक्षरांना नेमून दिलेल्या क्रमांकांवरच फॉन्टकर्त्यांनी काने, वेलांट्या आणि अर्धी अक्षरे बसवली, आणि तीही प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने. त्यामुळे अमुक क्रमांक मराठी म्हणून वाचायचा हे केवळ फॉन्टच्या नावावरून कळे.

साध्या मजकुराच्या फाइलीत फॉन्टचे नाव साठवले जात नसल्याने अशी फाइल दुसऱ्या संपादकात आयात केली की मराठी परिच्छेद रोमन अक्षरांचा निरर्थक पुंजका होई आणि शेजारचे खरे इंग्रजी शब्द त्यातून वेगळे काढता येत नसत. आरटीएफ किंवा वर्डच्या फाइलीत मात्र मजकुराच्या प्रत्येक तुकड्यासोबत फॉन्टचे नाव राहत असल्यामुळे, त्या नावावरून भाषा ओळखून नेमका तेवढाच तुकडा बदलणे परिवर्तकाला, म्हणजे जुने क्रमांक नव्या संकेतांत उतरवणाऱ्या आज्ञावलीला, शक्य झाले.

१९९१ च्या इस्की या भारतीय मानकाने पहिल्या १२८ जागा इंग्रजीला आणि उरलेल्या भारतीय लिपींना देऊन, शिवाय लिपी बदलल्याची खूण मजकुरातच ठेवून, हा प्रश्न तत्त्वतः सोडवला होता. डीटीपीत तरीही फॉन्टांचीच चलती राहिली. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने १९८८ च्या इस्कीच्या आधारे देवनागरीला १२८ स्वतंत्र जागा दिल्या.

जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने, तर युनिकोडमध्ये उच्चारक्रमाने साठवली जातात. म्हणून ‘कि’मधील वेलांटी ‘क’नंतर आणि ‘सूर्य’मधील रफार ‘य’च्या आधी ‘र्’ म्हणून न्यावा लागतो. ‘ॲ’ला स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाल्याने त्याआधीच्या फाइलींत तो ‘अ’वर चंद्र जोडून लिहिलेला आढळतो. ‘दऱ्या’मधील अर्धा र काही फाइलींत ‘र्’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून लिहिलेला असतो, आयातीत ते चिन्ह गळाले की डोंगरातील दऱ्यांचा समुद्र, म्हणजे ‘दर्या’, होतो, आणि दोन्ही शब्द शुद्ध असल्यामुळे शुद्धलेखन तपासनीस त्याला हरकत घेत नाही. म्हणूनच परिवर्तित मजकूर छपाईला जाण्यापूर्वी मराठी मुद्रितशोधकाने तो अर्थ लावत वाचणे अपरिहार्य ठरते.