शाईचा डबा आणि यंत्रावरील पाटी

शिकागोच्या ए. बी. डिक कंपनीच्या मिमिओग्राफ यंत्रावर एक पाटी असे. आपल्या कचेऱ्यांतून व देवस्थानांतून सायक्लोस्टाइल म्हणून जे यंत्र परिचित होते, त्याचाच हा भाईबंद. पाटीवर बजावलेले असे की, ह्या यंत्रावर कंपनीचाच स्टेन्सिल कागद, कंपनीचीच शाई व कंपनीचीच इतर सामग्री वापरावी. यंत्र पेटंटचे होते. शाई पेटंटची नव्हती. एका बाईंनी हे यंत्र विकत घेतले आणि हेन्री नामक व्यापाऱ्याने, पाटी ठाऊक असतानाही, त्यांना शाईचा एक डबा विकला. कंपनीने हेन्रीवर पेटंटभंगास साहाय्य केल्याचा दावा लावला.

1912 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी कंपनीस जिंकविले. ज्यास यंत्र मुळीच न विकण्याचा अधिकार आहे, त्यास ते अटीवर विकण्याचाही अधिकार आहे, असा बहुमताचा युक्तिवाद. पराभूत पक्षाचे निकालपत्र अधिक आवडीने वाचण्याची खोड आम्हां वकिलांस असते. येथे ती सार्थकी लागते. मुख्य न्यायमूर्ती व्हाइट ह्यांनी विचारले की, उद्या पेटंटचा रंधा घेणाऱ्या सुतारास अमुकच गिरणीचे लाकूड घ्यावे लागेल काय? पेटंटच्या भांड्यात भांडे विकणाऱ्याचेच धान्य शिजवावे लागेल काय?

त्यांची भीती वाया गेली नाही. 1914 साली क्लेटन कायदा झाला आणि 1917 साली चित्रपट दाखविण्याच्या यंत्राच्या खटल्यात त्याच न्यायालयाने आपला जुना निर्णय मोडीत काढला. पुढे 1936 साली, आपल्या गणनयंत्रांवर आपलीच पत्रे वापरावीत ही आय. बी. एम.ची अटही टिकली नाही.

मग पाटी गेली आणि चिप आली. लेक्समार्क कंपनीने छपाईयंत्राच्या शाईच्या नळकांड्यास चिप बसविली, ती नळकांडे पुन्हा भरून वापरता येऊ नये म्हणून. 2017 साली न्यायालयाने ठरविले की, वस्तू विकताच तिच्यावरील पेटंटाचा हक्क संपतो. परंतु चिप काढा, असे त्याने सांगितले नाही.

आम्हांस खरा भेद येथे दिसतो. पाटी न जुमानता हेन्रीने शाई विकली, म्हणून कंपनीस न्यायालयाचे दार ठोठवावे लागले आणि तेथे प्रतिवादीसही बोलता आले. चिप कोणाच्या दारी जात नाही. परकी शाई ओळखली की ती यंत्रच बंद पाडते. न्यायाधीश तीच, बेलिफही तीच. दाद मागायची तर ती गिऱ्हाइकाने, आणि तीही एका डब्यासाठी!

आपल्या 1970 च्या पेटंट कायद्याचे कलम 140, पेटंटच्या वस्तूबरोबर दुसरी वस्तूही विक्रेत्याकडूनच घेण्याची अट बेकायदा ठरविते. ते कलम कराराविषयी बोलते. चिपमध्ये करार लिहिलेला नसतो.