मांडवातून कोण उठलं?

आज लग्नाच्या एका सिनेमाबद्दल बोलायचंय, पण सुरुवात करू पहाडगंजपासून.

नवी दिल्ली स्टेशनातून पहाडगंजच्या बाजूनं बाहेर पडलं की समोरच मेन बझार. हॉटेलांच्या पाट्या, रिक्षा, छोले-भटुऱ्यांचा वास. मराठी माणसाला हा भाग परका नाही. बृहन्महाराष्ट्र भवन याच भागात आहे, नूतन मराठी शाळाही इथलीच. कितीतरी मराठी माणसांनी दिल्लीतली पहिली रात्र इथंच काढलेली असते. पण सप्टेंबर १९४७ मध्ये इथं काय झालं, हे सहसा कुणी सांगत नाही. त्या महिन्यात करोलबाग, सब्जीमंडी आणि पहाडगंज इथं मोठी कत्तल झाली. मुसलमान कुटुंबं घरं टाकून गेली आणि पश्चिम पंजाबातून सगळं गमावून आलेली हिंदू-शीख कुटुंबं त्या घरांत शिरली. १९४१ मध्ये दिल्लीची लोकसंख्या सव्वानऊ लाखांच्या आत होती. १९५१ मध्ये ती साडेसतरा लाखांच्या आसपास गेली. आलेले निर्वासित जवळपास पाच लाख.

आता विचार करा. जमीन गेली, दुकान गेलं, बँकेतलं खातं सरहद्दीपलीकडं राहिलं. मग उरलं काय? नातेवाईक. ज्या मेहुण्यानं पहिली खोली दिली, ज्या चुलत्यानं दुकानासाठी पैसे दिले, त्यांच्या जोरावर माणसं उभी राहिली. त्या पिढीसाठी कुटुंब म्हणजेच विमा. आणि विम्याचा हप्ता असतो, तसा याचाही होता: उपकार करणाऱ्याविरुद्ध बोलायचं नाही.

यातलं सगळ्यात जड मौन बायकांच्या वाट्याला आलं. फाळणीत पळवलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी १९४९ मध्ये कायदा झाला. पण परतलेल्या कित्येक जणींना घरानं दार उघडलं नाही, आणि ज्यांना उघडलं त्यांच्याबद्दल पुढं कुणी बोललं नाही. उर्वशी बुटालिया यांचं पुस्तक, आणि रितू मेनन व कमला भसीन यांचं पुस्तक, दोन्ही १९९८ साली आली. पन्नास वर्षांनी या बायकांचं बोलणं कुणीतरी नीट ऐकून लिहून काढलं.

त्यानंतर तीनच वर्षांनी, २००१ मध्ये, 'मॉन्सून वेडिंग' आला. मीरा नायरचा सिनेमा, पटकथा सबरीना धवनची. व्हेनिसला त्याला सुवर्णसिंह मिळाला. त्याआधी भारतीय सिनेमाला हा मान मिळाला होता तो १९५७ मध्ये, सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'ला. चित्रीकरण अवघं तीसेक दिवसांचं, आणि कॅमेरा बराचसा हातात धरलेला, त्यामुळं आपण वऱ्हाडात कुठंतरी कोपऱ्यात उभे आहोत असंच वाटत राहतं.

सिनेमा पहाडगंजात घडत नाही, हे आधीच सांगतो. वर्मांचं घर दिल्लीतल्या सुखवस्तू वस्तीतलं, बाग वगैरे असलेलं. पण घरं पंजाबीच, आणि पंजाबी दिल्लीत दोन पिढ्या मागं गेलं की कुठल्या ना कुठल्या निर्वासिताचं दार लागतंच. वधूपिता ललित, म्हणजे नसीरुद्दीन शाह, दिवसभर हिशेबात. मांडववाला दुबे पांढरा मांडव घालतो तर हा भडकतो, लग्न आहे की मयत! दुबे झाला आहे विजय राज, आणि त्याचं त्या घरातल्या अॅलिसशी जुळणं हा सिनेमातला सगळ्यात हळुवार भाग. झेंडूच्या फुलांचा असा उपयोग हिंदी पडद्यावर क्वचितच कुणी केला असेल. मला विचाराल तर नवरा-नवरीच्या गोष्टीपेक्षा ही जोडी जास्त लक्षात राहते.

पण खरा पेच दुसरीकडं आहे. ललितचा भाऊ वारलेला आहे. त्याची मुलगी रिया याच घरात वाढली. ही भूमिका शेफाली शाहची. घराला आधार देणारा, सगळे ज्याच्या पाया पडतात असा तेज, रजत कपूर, रियाच्या अमेरिकेतल्या शिक्षणाचा खर्चही उचलायला तयार आहे. आणि रियाला माहीत आहे की ती लहान असताना याच माणसानं तिच्याशी काय केलं. ती गप्प आहे. मग तिला दिसतं की तो आता घरातल्या दुसऱ्या लहान मुलीला गाडीतून फिरवून आणायला निघालाय. तेव्हा मात्र ती आडवी येते आणि सगळ्यांसमोर बोलते.

'हम आपके हैं कौन' १९९४ चा. त्यातही घर, लग्न, गाणी. पण तिथं घर चुकूच शकत नाही. इथं घरच आरोपी आहे. म्हणून ललितची ती रात्र बघा. अंथरुणात पडून रडणारा बाप हिंदी सिनेमानं आपल्याला फारसा दाखवलेला नाही. पुतणी खरं बोलते आहे हे त्याला कळतं. पण तेजला बाहेर काढायचं म्हणजे ज्या उपकारावर घर उभं राहिलं तो नाकारायचा, आणि तोही ऐन लग्नात, पाहुण्यांनी घर भरलेलं असताना.

आपल्याकडं पुण्या-मुंबईत, नागपुरातही आता लग्नात 'संगीत' ठेवतात, मेहंदीचा वेगळा दिवस असतो. हे बरंचसं याच पंजाबी दिल्लीकडून, सिनेमाच्या वाटेनं आलं. त्यात वाईट काही नाही, नाचा खुशाल. पण त्या नाचाच्या मधोमध रिया बोलली तो प्रसंग आपण उचलला का, हे ज्यानं त्यानं आपल्या घरात बघावं.

शेवटी ललित ठरवतो. दिवंगत भावाच्या तसबिरीसमोर सगळं घर जमलेलं असताना तो तेजला निघून जायला सांगतो. आवाज चढवत नाही. घरातल्या ज्येष्ठ माणसाला उद्देशून आयुष्यभर ज्या अदबीनं बोलला, त्याच अदबीनं बोलतो. तेज उठतो, त्याची बायकोही. मांडवात दोन खुर्च्या रिकाम्या होतात. बाहेर पाऊस सुरू होतो, वरात चिखलात भिजत येते, आणि लग्न लागतं.